लाभ, दोन, तीन…

आधीच सांगून टाकतो, भूतबित या प्रकारावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या आळीत कोणी दारावर लिंबू-मिरच्या टांगल्या की मी मुद्दाम त्यातली मिरची तोडून वडापावबरोबर खायचो, एवढा आगाऊ होतो मी. या सदरात लोक लिहितात ते वाचूनही मी फिदीफिदी हसतो आणि बायको माझ्यावर डाफरते. तेव्हा आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर हसायची पाळी तिची आहे… हसू दे.

पण हे कुठेतरी सांगायला हवं. एका माणसाने मला पुन्हा चालायला लावलं, आणि तो मला एकदाही दिसला नाही. आणि माझ्या सख्ख्या भावाने माझं काय केलं, तेही सांगायला हवं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगता येतात का ते मी खूपदा करून पाहिलंय. नाही येत.

साल एक्याण्णव. जुन्या पनवेलमध्ये आमची भाताची गिरणी होती, वडिलांनी उभी केलेली. वडील गेल्यावर थोरला भाऊ — आमचा दादा — आणि मी असे दोघे बघायचो. देवाणघेवाण दादाकडे, उन्हातान्हातली पळापळ माझ्याकडे. मी सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा, तोंडाने फटकळ. तिसरे म्हणजे दामूकाका, आमचे मापाडी. मापाडी म्हणजे धान्य मापून देणारा माणूस. शिरढोणचे राहणारे, डोक्यावर पांढरी टोपी, दात निम्मे पडलेले. काटा आला तरी घरगुती गिऱ्हाइकाला ते पायलीनेच माप घालायचे. माप भरलं की वरचा जादा तांदूळ उजव्या तळहाताने सपकन सारायचे आणि मोठ्याने मोजायचे, "लाऽऽभ… दोन… तीन…"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. का, ते मला विचारू नका, वाडवडील म्हणत आले. पण आमच्या घरात ते इतकं मुरलं होतं की आई पोळ्या वाढतानासुद्धा लाभ, दोन, तीन म्हणायची. शाळेत पाढे म्हणताना मी 'बे लाभे बे' म्हणालो होतो आणि मास्तरांनी कान पिळला होता.

तर त्या वर्षी आम्ही तिघे पेणकडून भात भरून टेम्पोने येत होतो. पळस्प्याच्या अलीकडे टेम्पो उलटला. मला यातलं काहीही आठवत नाही. पेणला मिसळ खाल्ली आणि ती फार तिखट होती म्हणून मी हॉटेलवाल्याशी भांडलो, इथपर्यंत सगळं स्वच्छ आठवतं. त्यानंतर एकदम पांढरं छत.

डोक्याचं ऑपरेशन मुंबईला झालं. मी बरेच दिवस बेशुद्ध होतो. डोळे उघडले तेव्हा दादा समोर होता आणि तो ढसाढसा रडला. असा रडताना मी त्याला वडील गेले तेव्हाही पाहिला नव्हता. मला भरून आलं… भाऊ असावा तर असा, वाटलं.

मग मला पनवेललाच एका खाजगी हॉस्पिटलात हलवलं. नाव घेत नाही, त्यांची काही चूक नाही. तिथे तळमजल्यावर व्यायामाची खोली नव्यानेच सुरू झाली होती. एक मोठा आरसा, धरून चालायला दोन लोखंडी दांड्या, भिंतीला टेकून एक लाकडी बाक. माझा डावा हात आणि डावा पाय लुळा पडला होता. पण त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे माझ्या लेखी डावी बाजू उरलीच नव्हती. डोळे शाबूत होते, पण डावीकडे काही असतं हेच डोक्यातून गेलं होतं. जेवायला बसवलं की मी आईवर खेकसायचो, "चटणी का नाही वाढलीस? लोणचं कुठाय?" आई बिचारी डोळे पुसायची. चटणी, लोणचं, मीठ सगळं ताटात डावीकडे वाढलेलंच असायचं. मी भाजीची बाजू चाटूनपुसून खायचो आणि उरलेलं अर्धं ताट तसंच ठेवून म्हणायचो, भूक भागली नाही.

अपघाताबद्दल मला घरच्यांनी एवढंच सांगितलं होतं — टेम्पो तू चालवत होतास. दामूकाकांचा पाय मोडलाय, ते गावी पडून आहेत. आणि दादाला थोडं खरचटलं. सांगताना दादाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. "जाऊ दे रे, झालं ते झालं. तुला कोणी बोल लावत नाही."

मला मात्र ते खात होतं. मी गाडी नीट चालवायचो हो! मस्ती करायचो, पण स्टिअरिंगवर बसलो की नाही. म्हाताऱ्या माणसाचा पाय आपण मोडला हा विचार डोक्यातून जाईना. एकच ध्यास होता, कधी एकदा पायावर उभा राहतो आणि शिरढोणला जाऊन काकांचे पाय धरतो. भेटायला मात्र कोणी येत नसे. दादाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, डॉक्टर म्हणतात डोक्याला ताण नको. मलाही तेच खरं वाटायचं.

घरच्यांनी माझी बडदास्त अशी ठेवली होती की राजाची काय असेल! पाणी आईने पाजायचं, केस तिने विंचरायचे, कूस दादाने बदलायची. मी उजव्या हाताने पेला उचलायला गेलो तरी दादा धावायचा. "राहू दे, राहू दे. तू आराम कर." सकाळ-दुपार-संध्याकाळ आराम. पाठीची सालं निघायची वेळ आली.

याच्या विरुद्ध एकटी उभी होती ती लिसी मॅडम. केरळची, नुकतीच पनवेलला आलेली फिजिओथेरपिस्ट. उंची एवढीशी, आवाज मात्र एसटी कंडक्टरचा. मराठी तोडकंमोडकं, हिंदी त्याहून तोडकं. ती आईला सरळ सांगायची, "माताजी, तुमी प्यार करून करून पेशंट खराब करते. बॉडी को काम दो, तब ब्रेन सीखेगा. झोपून काय शिकणार?"

आई पदराला हात पुसत म्हणायची, "अहो, पण पडला बिडला म्हणजे?"

"पडला तर उठेल. नाही उठला तर बेड पे ही बूढा होईल."

मला ही बाई आवडायची. पण माझा पाय तिचं ऐकेना. दोन दांड्यांच्या मधे मला उभं करून ती मोजायची, "वन! टू! वन! टू!" उजवा पाय जायचा. डावा जमिनीला चिकटलेला. दादा असला तर तोही मागून धरायचा आणि म्हणायचा, "चल, एक… दोन…" तरी नाही. एकदा मी थांबून त्याला म्हटलं, "दादा, तू एक कधीपासून म्हणायला लागलास रे?"

त्याचा चेहरा मला दिसला नाही. "हॉस्पिटलात कसला आलाय लाभ," असं काहीतरी पुटपुटला तो. मला हसू आलं, आणि विषय तिथेच राहिला.

मग एके दिवशी दुपारची वेळ. पंखा करकरत होता, लिसी मॅडम माझ्या उजव्या अंगाला उभी राहून घसा फोडत होती. मी वैतागून म्हणालो, "बस झालं, मला परत नेऊन झोपवा!" आणि तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूने, कानापासून हातभर अंतरावरून आवाज आला.

"लाऽऽभ…"

डावा पाय उचलला गेला. खरं सांगतो, मी नाही उचलला. उचलला गेला.

"दोन…"

उजवा.

"तीन…"

पुन्हा डावा! लिसी मॅडम "जीजस!" म्हणून किंचाळली. मी लहान पोरासारखा हमसाहमशी रडत होतो. आवाज मी ओळखला होता. म्हटलं, "काका, तुम्ही आलात? पाय बरा झाला तुमचा? काका, मला माफ करा…" त्यावर फक्त पुढचा आकडा.

तुम्ही म्हणाल, मग मान वळवून बघितलं का नाहीस? अहो, तीच तर गंमत त्या आजाराची. डावीकडे वळून बघायचं असतं हे डोक्यात येतच नाही! मागच्या बाजूला डोळा नाही म्हणून आपल्याला जसं चुकल्यासारखं वाटत नाही, तसंच ते. आवाज येत होता, माझ्यापुरते काका तिथे होते. मला त्यात काहीही अमानवीय वगैरे वाटलं नाही.

त्यानंतर व्यायामाच्या वेळी काका येऊ लागले. बोलत नसत, नुसते मोजत. मी माझ्या बाजूने गप्पा मारायचो, गिरणीच्या, इकडच्या तिकडच्या. थोड्या दिवसांनी काय झालं, लिसी मॅडमने एकदम स्वतःच सुरुवात केली, "लाऽऽभ… दोन…" उच्चार मल्याळी, पण चाल अगदी तीच. मी विचारलं, "मॅडम, हे कुठून शिकलात?"

"तुमचे अंकलने सांगितले. बोलले, हा मुलगा 'वन' को पैर नाही उचलणार."

मला यातही काही वावगं वाटलं नाही. काका तसेच होते, कोणालाही शिकवायला जायचे.

त्या रात्री जेवताना मी आईला सहज म्हटलं, "दामूकाका रोज येतात गं मला चालवायला. मोडका पाय घेऊन येतात, आणि आपल्या घरातून त्यांना साधा चहा नाही."

आईच्या हातातली वाटी निसटली. आमटी माझ्या चादरीवर. ती चादर बदलत राहिली. दुसऱ्या दिवशी मीठमोहऱ्या घेऊन आली आणि माझी दृष्ट काढली. वर म्हणाली, "डोक्याला मार लागला की असे भास होतात म्हणे. कोणाला बोलू नकोस हं, राजा." मी चिडलो. म्हटलं, "भास कसले? विचार त्या मॅडमला!"

त्याच सुमारास एक हवालदार वॉर्डात आला होता, माझा जबाब घ्यायला. दादाने त्याला दारातूनच परत पाठवला. "साहेब, त्याला अजून धड बसता येत नाही, डॉक्टरांची मनाई आहे." मी आतून ऐकत होतो आणि मला वाटत होतं, बघा, माझ्यावर केस येऊ नये म्हणून कसा आड उभा राहतोय माझा भाऊ.

आणि मग एका दुपारी दादा आणि आई दोघेही व्यायामाच्या खोलीत आले. दादाने लिसी मॅडमला सांगितलं, उद्यापासून हे बंद. आम्ही त्याला घरी नेतो, तेल चोळायला माणूस ठेवतो, तो आराम करेल.

मॅडम भडकली. "पागल झाला काय? आत्ता तर चालायला लागले! थांबा, तुमी स्वतःच्या डोळ्याने बघा." आणि मला दांड्यांमधे उभं करून ती समोर गेली. उजवा तळहात आडवा धरला आणि हवेतच सपकन सारला… मापावरचा जादा तांदूळ सारतात तसा. "लाऽऽभ!"

मी पाऊल टाकलं. आणि तिच्या आवाजाखालून, माझ्या डावीकडून, दुसरा आवाजही येत होता. "दोन… तीन…"

"बंद करा!" दादा ओरडला. इतक्या मोठ्याने की बाहेरचे लोक डोकावले. "बंद करा ते! कोणी शिकवलं तुम्हाला हे? हा हात… हा हात कोणी शिकवला?"

मॅडम गोंधळली. "क्यूँ? ते तुमचे अंकल. व्हाइट कॅपवाले. रोज इधर बेंच पे बैठते है ना… अभी तो थे." तिने बाकाकडे बोट दाखवलं. बाक माझ्या डाव्या हाताला होता. आणि मी, अपघातानंतर पहिल्यांदाच, मान वळवून डावीकडे बघितलं. मोकळा बाक होता. मॅडमला एकीकडे आनंद झाला, पेशंटने आपण होऊन डावीकडे पाहिलं म्हणून. तिला बिचारीला कळतच नव्हतं काय चाललंय.

"मेला तो," दादा म्हणाला. "दामू मेला. तिथेच, रस्त्यावर."

मला आधी अर्थच लागेना. मी आईकडे बघितलं. ती खाली बघत होती. म्हणजे तिला ठाऊक होतं.

"मी मारलं काकांना?" मी विचारलं.

यावर आई "हो" म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं मला कित्येक वर्षं वाटत आलंय. पण दादाला आता थांबवत नव्हतं. ताप चढल्यासारखा बोलत सुटला. टेम्पो तो चालवत होता. मी डावीकडे बसलो होतो. समोरून ट्रक आला, त्याने फिरवला, उलटलो. मी निपचित पडलेला, डोकं फुटलेलं. काका मागे पोत्यांवर बसले होते ते टेम्पोच्या मागच्या फळीखाली, फाळक्याखाली अडकले. पण शुद्धीत होते. दादाला हाक मारत होते, ये, जोर लाव. लाभ म्हण नि उचल.

"मग? उचललंस?"

"मी… मी आधी तुला ओढलं, सुधीर."

"कुठे?"

मी पुन्हा विचारलं, "कुठे ओढलंस मला, दादा?"

"ड्रायव्हरच्या दाराकडे."

लिसी मॅडम माझा दंड घट्ट धरून उभी होती. दादा सांगत होता, शेतातली माणसं धावत आली तोवर दामू एकच म्हणत होता… लाभ, लाभ, लाभ… दोनपर्यंत गेलाच नाही. मग थांबला.

"का पण?" मी विचारलं. "माझ्यावर का?"

त्यावर तो जे बोलला ते अक्षर न् अक्षर लक्षात आहे. "मेलेल्यावर केस चालत नाही रे. तू गेलाच होतास… मी हात लावून बघितला होता, मला श्वास लागला नाही. म्हटलं, गेलेल्याचं काय जातंय. मी तुझं वाईट नाही केलं, सुधीर!"

आणि आई मधे पडली. माझ्या बाजूने नव्हे. तिने माझा तो लुळा हात हातात घेतला आणि रडत म्हणाली, "तू वाचशील असं कोणाला वाटलं होतं रे, बाळा?"

म्हणजे मी डोळे उघडले तेव्हा तो ढसाढसा रडला, ते हे! आनंदाने नव्हे, मी वाचलो म्हणून. पाणी पाजणं, कूस बदलणं, "तू आराम कर, तू आराम कर"… मी अंथरुणात पडून असेपर्यंत जबाब नाही, आणि जबाब नाही तोवर सगळं जागच्या जागी. माझ्या पाठीला जखमा होत होत्या, आणि मी त्याला माया समजत होतो. शत्रू बरा हो. शत्रू निदान आपलं तोंड पुसत नाही.

मी गप्प बसलो नाही, हे सांगायला हवं. हवालदाराला बोलावणं पाठवलं आणि ऐकलं ते सगळं सांगितलं. दादाने कानावर हात ठेवले. आईने शपथेवर सांगितलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय, याला मेलेली माणसं ऐकू येतात. आणि ते खोटं तरी कुठे होतं? मला स्वतःला अपघाताचं एक अक्षर आठवत नव्हतं. लिसी मॅडमने ऐकलं होतं, पण भरभर मराठीतलं तिला काय कळणार? पुढे ते प्रकरण भिजत पडलं आणि भिजतच विझलं. मी गिरणीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात नोकरी धरली, पुढे लग्न केलं. दादाशी मी त्यानंतर बोललो नाही, आईच्या दहाव्याला शेजारी उभा असतानाही नाही.

त्या दुपारनंतर काकांचा आवाज कधी आला नाही. पाय मात्र राहिला. काठी टेकत का होईना, चालत राहिलो.

आता, याचा उलगडा. मी खूप शोधला, कारण मुळात मी लिंबाखालची मिरची खाणारा माणूस. मेंदूच्या एका मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मेंदू जी बाजू विसरतो त्या बाजूला कधी कधी आवाज ऐकू येतात, माणसं असल्यासारखी वाटतात. शिवाय बेशुद्धीतसुद्धा कानावर पडतं. रस्त्यावर काकांचा तो लाभ, लाभ तुमच्या कानात शिरला असेल, तोच बाहेर आला. पटलं मला. माझ्यापुरतं अगदी शंभर टक्के पटलं. पण लिसी मॅडमच्या डोक्याला कुठे मार लागला होता? टोपी तिला कोणी दाखवली? तळहात सारायची ती लकब मी तर तिला दाखवली नव्हती, माझं तिकडे लक्षही नव्हतं! डॉक्टर म्हणाले, तुम्हीच कधीतरी नकळत केली असेल. असेल. मॅडम लवकरच नोकरी सोडून गावी गेली, आता कुठे असेल ठाऊक नाही. मिळालेल्या उत्तरांनी माझं समाधान होत नाही, आणि दुसऱ्या कोणाकडे उत्तर नाही.

पण खरं कोडं ते नाहीच. खरं कोडं मला शिरढोणला घातलं गेलं.

काठीवर चालायला लागल्यावर पहिली खेप मी तिथेच केली. दामूकाकांची बायको, काकी, अंगणात भाताचं पिशवीभर बियाणं निवडत बसली होती. मला बघून उठली नाही. इतके महिने ती मला नवऱ्याचा मारेकरी समजून शिव्याशाप देत असणार, मला ठाऊक होतं. मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. टेम्पो कोण चालवत होतं ते, फाळक्याखाली काय झालं ते, सगळं. ती ऐकत होती, सुपातले खडे वेचत होती. हात एकदाही थांबला नाही. मग मी हॉस्पिटलातलं सांगितलं. काका रोज दुपारी कसे यायचे, बाकावर बसायचे, मला कसं चालवलं.

तेव्हा हात थांबला.

"आवाज त्यांचाच व्हता?"

"हो काकी."

"चांगला व्हता? खोकत नवते?"

"नाही. चांगला खणखणीत होता."

तिने पदराने तोंड पुसलं. माझ्या जवळ सरकली. "माजं नाव काडलं काय? काय बोलले माज्यासाठी?"

मी खोटं बोलायला हवं होतं, हे मला आज कळतं. पण खोट्याने माझं डोकं इतकं पिकलं होतं की मी खरंच सांगितलं. "नाही काकी. नुसते मोजायचे."

तिने माझ्या त्या डाव्या पायाकडे बघितलं. मग सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"जल्मभर तुमच्या गिरनीत राबला," ती म्हणाली. "मेला, तरी तुमच्याकडंच कामाला गेला. मी हितं दाराला कडी नाय लावत रं रातची… मला एकदा पन हाक नाय मारली."